मोटारसायकलची बैठक आणि पाठीचा कणा

भारतात नोंदणी झालेल्या एकूण वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत. यांतील बऱ्याच वाहनांचा उपयोग घरापासून कचेरीपर्यंतच्या अर्ध्या तासाच्या प्रवासापुरता होत असला, तरी दिवसाचे सहा-आठ तास मोटारसायकलवर काढणाऱ्यांची संख्याही लहान नाही. दुधाच्या किटल्या लावून गावोगाव फिरणारा गवळी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, तालुक्याच्या गावाहून आडवळणाच्या शाळेत जाणारे शिक्षक आणि अलीकडच्या काळात शहरांतून घरपोच जेवण व माल पोचविणारे तरुण, या सर्वांच्या बाबतीत मोटारसायकलची बैठक ही चैनीची वस्तू नसून कामाचे हत्यार आहे. मनालीहून लेहपर्यंतच्या वाटेवर हौशी प्रवासी दोन-तीन दिवस जे स्वखुशीने सोसतो, ते ही माणसे वर्षानुवर्षे निमूटपणे सोसत असतात. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. या दुखण्याची कारणे अनेक आहेत. परंतु फार वेळ एका स्थितीत बसणे आणि शरीराला सतत कंप बसणे ही त्यांपैकी सर्वमान्य झालेली दोन कारणे मोटारसायकलवर एकत्र येतात.

बैठकीचा प्रश्न मोटारसायकलइतकाच जुना आहे. १८८५ साली जर्मनीत गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी जी पहिली दुचाकी तयार केली, तिची चौकट आणि चाके लाकडाची होती. इंजिनातील वायू पेटविणारी तापलेली नळी नेमकी बैठकीच्या खाली होती आणि पहिल्याच फेरीत बैठकीने पेट घेतला असे सांगतात. पुढे सायकलीच्याच खोगिराला जाड स्प्रिंगा बसवून ते मोटारसायकलला लावण्याची पद्धत पडली. त्या काळी मागचे चाक चौकटीला घट्ट जखडलेले असे. रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ बैठकीपर्यंत येई आणि तो झेलण्याचे सारे काम त्या दोन स्प्रिंगांवर सोपविलेले असे. कातडी खोगीर कालांतराने बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेई, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की स्प्रिंगांना आवर घालणारे काही नसल्यामुळे एका खड्ड्याचे उत्तर त्या तीन-चार उसळ्यांनी देत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मागचे चाक खालीवर हलणाऱ्या भुजेवर, म्हणजे स्विंग आर्मवर, बसविण्याचा प्रघात सुरू झाला आणि त्याला शॉक ॲब्सॉर्बरची जोड मिळाली. धक्का झेलण्याचे काम बैठकीकडून चाकाकडे गेले. स्प्रिंगांचे खोगीर मागे पडले आणि त्याच्या जागी दोघांना बसता येईल अशी लांबट, सपाट गादी आली. या गादीला लागणारा पदार्थही तयार होता. बर्मिंगहॅम येथे डनलॉप कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९२९ साली रबराच्या चिकापासून फोम बनविला होता, तर जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली ज्या पॉलियुरेथेनचा शोध लावला, त्यापासून पन्नाशीच्या दशकात लवचीक फोम मोठ्या प्रमाणावर निघू लागला. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली व बुलेटची जुळणी सुरू झाली, १९६० नंतर म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या रस्त्यावर आल्या. भारतीय चालकाला ही लांब गादी परिचित झाली ती याच काळात. गंमत अशी की स्प्रिंगांची एकेरी बैठक अजूनही लोकांच्या मनातून गेलेली नाही. २००९ साली रॉयल एन्फील्डने क्लासिक ही गाडी आणली, तेव्हा तिच्यावर ती पुन्हा दिसू लागली. जुन्या आठवणींचा त्यात मोठा वाटा असला तरी केवळ आठवणींचाच होता असे म्हणता येणार नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

बसणे ही क्रिया वाटते तितकी साधी नाही. माणसाच्या पाठीच्या कण्यात एकावर एक रचलेले चोवीस सुटे मणके असतात. त्यांच्या खाली एकमेकांत जुळून गेलेल्या मणक्यांचे त्रिकास्थी आणि सर्वांत शेवटी माकडहाड असते. सुट्या मणक्यांपैकी शेवटचे पाच कमरेचे. माणूस ताठ उभा असताना कमरेचा हा भाग पुढच्या बाजूला किंचित वळलेला असतो. बसताना मांड्या वर येतात, मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि ते कमरेच्या हाडांच्या पेटीला, म्हणजे श्रोणीला, मागच्या बाजूस फिरवितात. श्रोणी फिरली की तिच्यावर उभे असलेले कमरेचे मणके आपली नैसर्गिक वळण सोडून सपाट होतात, प्रसंगी उलट्या बाजूला वाकतात. अमेरिकन शल्यविशारद जे. जे. कीगन यांनी १९५३ साली क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखवून दिले की धड आणि मांडी यांमधील कोन सुमारे १३५ अंशांचा असताना कमरेवर सर्वांत कमी ताण येतो. काटकोनात बसावे ही शाळेत मिळालेली शिकवण कमरेला मानवत नाही, असा याचा अर्थ.

मणक्यांमधील चकत्यांवर किती दाब येतो हे स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी चकतीत सुई घालून मोजले. आधाराशिवाय बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा सुमारे दीडपट दाब येतो, हा त्यांचा निष्कर्ष अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. १९९९ साली जर्मनीतील उल्म येथे अधिक सुधारलेल्या साधनाने एका स्वयंसेवकाच्या कण्यात मोजमाप करण्यात आले, तेव्हा सैलपणे बसलेल्या स्थितीतील दाब उभ्या स्थितीइतकाच, किंबहुना किंचित कमी आढळला. तो एकदम वाढला तो पुढे वाकून बसल्यावर. दोन्ही मोजमापांचा मेळ घालता एवढे निश्चित सांगता येते की नुसते बसणे हा गुन्हा नव्हे, पाठ वाकवून बसणे हा आहे.

मोटारसायकलवर पाठ वाकते किंवा सरळ राहते ते तीन बिंदूंमुळे: बैठक, पायटेकणी आणि हँडल. बैठक ठेंगणी आणि पायटेकणी उंच असेल तर गुडघे वर येतात, धड व मांडी यांतील कोन मिटतो आणि कंबर मागे ढकलली जाते. पायटेकणी फार पुढे असेल, जशी ती ऐसपैस बसण्याच्या काही गाड्यांवर असते, तर दिसायला आराम दिसतो. पण धडाचे सगळे वजन माकडहाडाच्या आसपास उतरते आणि खड्डा आला असता पायांवर भार घेऊन किंचित उठण्याची सोय राहत नाही. पाय जवळजवळ शरीराच्या खाली असणे हेच लांबच्या प्रवासाला हितकर. हँडल फार लांब व खाली असले तर पाठ कमानीसारखी होते, मनगटांवर भार येतो आणि मान वर उचलून धरावी लागते. वेगाने जाताना छातीवर आदळणारा वारा हा भार काही अंशी उचलतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी १०० किलोमीटर वेगाला तो ताशी ६० च्या जवळजवळ पावणेतीनपट असतो. म्हणूनच शर्यतीच्या धर्तीची वाकून बसण्याची ठेवण मोकळ्या रस्त्यावर सुसह्य होते आणि गावातील गर्दीत असह्य. हँडलखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे तुकडे घालून ते वर व मागे आणणे, हा पाठीवरचा ताण कमी करण्याचा एक स्वस्त उपाय आहे. मात्र हँडल पूर्ण वळविल्यावर क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटरच्या तारा ताणल्या जात नाहीत याची खात्री आधी करून घेतली पाहिजे.

आता प्रत्यक्ष गादीकडे वळू. बसलेल्या माणसाच्या वजनाचा मोठा वाटा श्रोणीच्या तळाशी असलेल्या दोन गोलसर हाडांवर येतो. कठीण पाटावर बसले की ती हाताला सहज लागतात. या हाडांच्या आणि गादीच्या मध्ये त्वचा, थोडी चरबी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या एवढेच असते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ युजीन लँडिस यांनी १९३० साली त्वचेतील केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब मोजला. रोहिणीकडील टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. बाहेरचा दाब याच्या पलीकडे गेला आणि बराच वेळ तसाच राहिला, तर त्या भागाचा रक्तपुरवठा खुंटतो. बसण्याच्या हाडांखाली येणारा दाब साध्या गादीवरही या आकड्याच्या पुष्कळ पुढे जातो. सुमारे तासाभराने जी आग होऊ लागते, जी चुळबुळ सुरू होते, ती रक्त मागणाऱ्या पेशींची तक्रार असते. जगातील कोणतीही गादी ही तक्रार कायमची मिटवू शकत नाही. चांगली गादी तिला उशीर लावते, इतकेच.

येथे बहुतेकांची फसगत होते. दुकानात बोटाने दाबून पाहिले असता जी गादी मऊ लागते, ती चांगली असे मानले जाते. मऊ फोमवर माणूस बसला की तो हाडांखाली पुरता चेपला जातो आणि हाडे तळच्या पत्र्यावर जाऊन टेकतात; कारागिरांच्या भाषेत गादीला तळ लागतो. शिवाय मऊ गादी मध्यभागी खोल जाऊन दोन्ही मांड्यांच्या मधल्या नाजूक भागावर दाब आणते, जेथील मज्जातंतू व रक्तवाहिन्या भार सोसण्यासाठी नाहीत. तो भाग बधिर होऊ लागला तर गादीचा आकार चुकला आहे असे खुशाल समजावे. लांबच्या प्रवासासाठी गादी घट्ट, दाट आणि रुंद हवी. पहिल्या दहा मिनिटांत ती कठीण वाटेल. तिची किंमत तिसऱ्या तासाला कळते.

घट्टपणाचे दुसरे कारण कंपाशी निगडित आहे. प्रत्येक लवचीक आधाराला त्यावरील वजनासह डोलण्याची स्वतःची एक गती असते आणि वजनाने तो आधार किती दबतो यावरून तिचा ढोबळ अंदाज बांधता येतो. दीड सेंटिमीटर दबणारी गादी सेकंदाला सुमारे चार वेळा डोलू पाहते. पाच सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग दोन वेळांच्या थोडी वर. मानवी धडाचीही अशी गती आहे. उभ्या दिशेच्या कंपांपैकी सेकंदाला चार ते आठ आवर्तनांचे कंप शरीराला सर्वांत जास्त जाणवतात आणि कमरेचे मणके सेकंदाला चार-पाच आवर्तनांना सर्वाधिक हलतात. म्हणजे पातळ, मऊ गादी नेमका तोच कंप वाढवून देते जो कण्याला सर्वांत कमी सोसतो. स्प्रिंगांच्या जुन्या खोगिराला अजूनही चाहते आहेत त्याचे एक कारण यात आहे. कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या ये-जा करण्याने आडव्या लाटा उठतात. त्या एक मीटर अंतरावर असतील तर ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चाकाला सेकंदाला बरोबर पाच धक्के बसतात. असा रस्ता एका विशिष्ट वेगाला जीव नकोसा करतो आणि वेग थोडा बदलताच निवळतो, याचा अनुभव अनेकांना असेल. इंजिनाचा कंप याहून निराळा. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना सेकंदाला ५० कंप देते. त्याने हातपाय मुंग्यांनी भरतात, पण तो अडविण्याचे काम फोम चांगले करतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. गादी उसवण्यापूर्वी शॉक ॲब्सॉर्बर तपासावेत. त्यांतील तेल गळून गेले असेल तर वरची गादी कितीही उंची असो, तिचा उपयोग नाही. बहुतेक गाड्यांवर त्यांच्या स्प्रिंगचा ताण बदलण्याची पाच-सहा खाचांची कडी असते. एकट्याने जाताना आणि सामानासह दोघांनी जाताना ती निरनिराळ्या खाचेत हवी, पण गाडी विकत घेतल्यापासून तिला हात न लावणारेच अधिक. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितलेल्या दाबापेक्षा जास्त भरण्याच्या सवयीनेही धक्के वाढतात.

गादी नव्याने करून घ्यायची झाल्यास सीट शिवणाऱ्या कारागिराकडे चालकाने स्वतः जावे आणि गाडीवर बसून दाखवावे. फर्निचरच्या गाद्यांतील हलका फोम काही आठवड्यांत मरतो. जास्त घनतेचा, दाबल्यावर झटकन वर येणारा फोम मागावा. कुशल कारागीर खाली घट्ट आणि वर त्याहून थोडा नरम असे दोन थर चिकटवितो. पुढे टाकीकडे उतरती असलेली बैठक माणसाला सतत पुढे घसरविते आणि तो हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. चालकाच्या जागेचा उतार काढून ती जवळजवळ समतल करणे हा एकच बदल पुष्कळांना पुरेसा होतो. बसण्याची हाडे जेथे टेकतात तेथे बैठक रुंद, आणि मांड्या जेथून खाली जातात तेथे अरुंद व कडा गोलावलेली असावी. शिवणीचा जोड हाडांखाली किंवा मांडीच्या आत येऊ देऊ नये. पावसाळ्यात शिवणीतून पाणी झिरपून फोम स्पंजासारखा भिजतो, म्हणून रेक्झिनच्या खाली प्लॅस्टिकचा पातळ थर घालावा. नारळाच्या काथ्याला रबराचा लेप देऊन केलेल्या गाद्या एकेकाळी मोटारींच्या व बसच्या आसनांत वापरीत. त्यांतून हवा खेळते. उष्ण प्रदेशात हा गुण मोलाचा आहे. आजकाल वरून घालण्याची जाळीदार आवरणे तेच काम काही अंशी करतात. १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमासाठी निर्माण झालेला, अंगाचा ठसा घेणारा फोमही आता मिळतो, परंतु थंडीत तो कडक होतो. लडाखच्या पहाटे त्यावर बसणाऱ्याला लाकडावर बसल्याचा भास झाल्यास नवल नाही. हवा भरलेल्या अनेक लहान कप्प्यांच्या उशा मूळच्या चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांना दाबव्रण होऊ नयेत म्हणून बनल्या. मोटारसायकलवर त्या चांगले काम देतात, पण हवा अगदी कमी भरावी लागते. टणक फुगविलेली उशी निरुपयोगी.

उंचीने कमी असलेल्या चालकांची अडचण खरी आहे. पाय जमिनीला पोचावेत म्हणून ते गादी खरवडून पातळ करवितात. असे केल्याने फोम जातो, गुडघे आणखी मिटतात आणि कंबर वाकते. तो मार्ग चुकीचाच म्हणावा लागेल. बैठकीचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी अरुंद केल्यास पाय सरळ खाली जातात आणि उंची फारशी न घटविता जमीन गाठता येते.

पाठीला टेकू द्यावा की नाही, याविषयी मतभेद आहेत. टेकू हवा तो खांद्यांना नव्हे, पट्टा बांधतो त्या जागी, म्हणजे त्रिकास्थीच्या वरच्या भागाला व कमरेच्या शेवटच्या मणक्यांना. श्रोणी मागे फिरू न देणे एवढेच त्याचे काम. चालकाच्या जागेच्या मागे गादीलाच पाच-सात सेंटिमीटरचा उठाव दिला तरी ते साधते, आणि चढता-उतरताना पाय अडकत नाही. त्यावर रेलून बसण्याची सवय लागली तर मात्र कंप पाठीतूनही शरीरात शिरतो. कमरेला बांधण्याच्या रुंद पट्ट्याने वाऱ्यापासून बचाव होतो आणि ताठ बसण्याची आठवण राहते. परंतु पट्टा बांधल्याने निरोगी पाठीला दुखापत होत नाही याला पुरावा नाही, असे अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९४ सालीच सांगितले आहे. पाठीवरची जड पिशवी काढून कॅरिअरवर बांधणे याने पट्ट्यापेक्षा अधिक लाभ होतो. मागच्या खिशातील पाकीटही काढून ठेवावे. जाड पाकिटावर बसण्याने मांडीमागे कळा येणाऱ्या रुग्णांचे वर्णन १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकात आले होते.

तासाभराने थांबणे, चार पावले चालणे, पाणी पिणे याला पर्याय नाही. चालत्या गाडीवर, रस्ता मोकळा असल्यास, पायटेकणीवर क्षणभर उठल्यानेही हाडांखाली रक्त परत येते. खड्डा समोर दिसला की गुडघे किंचित वाकवून अंग उचलावे. पायांइतका उत्तम शॉक ॲब्सॉर्बर दुसरा नाही. कंबरेतून निघून पायात उतरणारी कळ, पावलातील अशक्तपणा, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाची न जाणारी बधिरता किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे मात्र गादीने बरी होणारी नव्हेत. त्यांतील शेवटची दोन दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. विलंबाने मज्जातंतूंची हानी कायमची होते.

मागे बसणाऱ्याचा विचार बहुधा कोणी करीत नाही. त्याची जागा मागच्या चाकाच्या जवळजवळ वर असते, गादी तेथे पातळ असते, आणि येणारा खड्डा त्याला दिसत नसल्यामुळे तो बेसावधपणे धक्का खातो. साडी नेसलेली स्त्री एका बाजूला पाय सोडून बसते, तेव्हा तिची श्रोणी एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असतात. तासभर पिळलेल्या स्थितीत कणा ठेवून वर धक्के खाणे, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकामागे एकच व्यक्ती, तीही पक्क्या बसविलेल्या योग्य आसनावर, नेता येते. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी मागच्या व्यक्तीसाठी हाताची मूठ, पायटेकणी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारी जाळी बंधनकारक केली आहे. गाडी सुबक दिसावी म्हणून ही मूठ आणि जाळी काढून टाकणारे लोक आढळतात. मूठ नसली की मागचा माणूस तोल सावरण्यासाठी पाठीचे स्नायू सतत आवळून धरतो आणि उतरताना त्याची कंबर चालकाच्या आधी दुखू लागलेली असते. दोघांनी लांब जायचे असेल तर मागच्या गादीची जाडी चालकाच्या गादीपेक्षा कमी नसावी, कॅरिअरला जोडलेला कमरेइतक्या उंचीचा टेकू असावा, आणि खड्डा किंवा गतिरोधक येण्यापूर्वी चालकाने तोंडाने सांगावे. मागच्या माणसाला अंग उचलण्यास एवढी सूचना पुरते.